पोटावरच्या पिशवीसह जगणाऱ्यांची देहप्रतिमा कशी मोजतात

आतड्यावरील मोठ्या शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी परिचारिका रुग्णाच्या पोटावर सहज न पुसणाऱ्या शाईने एक ठिपका काढते. स्टोमा, म्हणजे आतड्याचे पोटावर काढलेले तोंड, कोठे यावा, याची ती खूण असते. ठिपका काढण्याआधी ती रुग्णाला आडवे व्हायला, उठून बसायला, उभे राहायला आणि पुढे वाकायला सांगते, कारण झोपल्यावर सपाट वाटणारी जागा बसल्यावर पोटाच्या वळीत जाते आणि तेथे मळ साठवणारी पिशवी नीट चिकटत नाही. ही जागा बेंबी, जुने व्रण, कमरेचे हाड आणि पट्ट्याची रेघ यांपासून दूर असावी, असे शिकवलेले असते. आमच्या गोव्यात त्यात आणखी एका प्रश्नाची भर पडते : परकराची नाडी नेमकी कोठे बांधता? सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या पन्नाशीच्या बाईला हे विचारले की तिचा हात आपसूक कमरेवर जातो आणि बोट ठेवल्या ठेवल्या ती गप्प होते. चाळीस वर्षे न बघता जी गाठ मारली, ती उद्यापासून बघून मारावी लागणार, हे तिला त्या क्षणी कळलेले असते.

देहप्रतिमेचे मोजमाप हा विषय मला त्या गप्प होण्यापासून सुरू झालेला वाटतो. शस्त्रक्रिया विभागात परिचारिका म्हणून अनेक वर्षे काम करताना मी रुग्णांच्या जखमा मोजल्या, पिशवीतला स्राव मिलिलिटरमध्ये मोजला, ताप आणि रक्तदाब मोजला. आपल्या शरीराकडे बघताना माणसाला काय वाटते हेही मोजता येते, आणि ते मोजण्याच्या रीतसर पद्धती आहेत, हे मला पुष्कळ उशिरा समजले. त्या पद्धती कशा चालतात, त्यांच्या आकड्यांवर कितपत विसंबावे आणि आपल्या माणसांना ते प्रश्न विचारताना काय सांभाळावे, एवढ्यापुरता हा लेख आहे.

स्टोमा या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ तोंड असा आहे. आतड्याचे टोक पोटाच्या भिंतीतून बाहेर काढून त्वचेला शिवतात आणि मळ किंवा मूत्र त्या नव्या तोंडातून बाहेर पडू लागते. मोठ्या आतड्याचे तोंड असेल तर कोलोस्टोमी, लहान आतड्याचे असेल तर इलिओस्टोमी आणि मूत्रासाठी केलेले असेल तर युरोस्टोमी म्हणतात. काही स्टोमा तात्पुरते असतात आणि काही महिन्यांनी पुन्हा आत घेतले जातात, तर काही जन्मभरासाठी असतात. निरोगी स्टोमा ओठाच्या आतल्या बाजूसारखा लाल आणि ओलसर दिसतो. त्याला हात लावला तरी दुखत नाही, कारण टोचल्या-कापल्याची वेदना पोहोचवणाऱ्या नसा आतड्याच्या अस्तरात नसतात. मात्र त्याला गुदद्वारासारखा आवळून धरणारा स्नायूही नसतो, त्यामुळे मळ केव्हा यावा आणि वारा केव्हा सरावा यावर माणसाचा ताबा राहत नाही. हा मुद्दा ध्यानात ठेवावा. वयाच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कमावलेला, आणि नंतर ज्याचा कधी विचारही करावा लागला नाही असा हा ताबा हातचा गेला, म्हणजे दिसण्यापेक्षाही खोलवर काही हलते.

गुदाशयाच्या कर्करोगात गुदाशय आणि गुदद्वार काढून कायमची कोलोस्टोमी करण्याची शस्त्रक्रिया लंडनच्या अर्नेस्ट माइल्स यांनी १९०८ मध्ये प्रसिद्ध केली. रुग्ण जगू लागले, पण त्यांनी जगावे कसे, याचे उत्तर त्यानंतर जवळजवळ अर्धे शतक कोणाकडे नव्हते. डेन्मार्कमधील एलिसे सोरेन्सन या परिचारिकेच्या बहिणीला स्टोमा होता, आणि लोकांत असताना तो गळेल या धास्तीने ती घराबाहेर पडेनाशी झाली होती. १९५४ मध्ये एलिसेबाईंना त्वचेला चिकटणाऱ्या, एकदा वापरून टाकून देण्याच्या पिशवीची कल्पना सुचली ती या बहिणीसाठी. आज आपण वापरतो त्या पिशवीचा उगम असा एका बाईच्या घराबाहेर न पडण्यात आहे, आणि घराबाहेर न पडणे हे देहप्रतिमा ढासळल्याचे सर्वांत ठळक लक्षण आहे.

देहप्रतिमा म्हणजे आपल्या शरीराचे आपल्या मनात तयार झालेले चित्र, अशी सोपी व्याख्या पाउल शिल्डर या मनोविकारतज्ज्ञांनी १९३५ मध्ये दिली. परिचारिकांना अधिक उपयोगी पडणारी मांडणी ब्रिटनमधील परिचर्येचे अध्यापक बॉब प्राइस यांनी १९९० मध्ये केली. त्यांच्या मते या चित्राला तीन बाजू असतात. पहिली, शरीर प्रत्यक्षात जसे आहे तसे. दुसरी, ते कसे असावे असे आपल्याला वाटते ते. तिसरी, आपण ते चारचौघांसमोर कसे वावरवतो, म्हणजे कपडे, चाल, बसणे-उठणे, गंध, केस, सारे काही. या तिन्हींचा मेळ असतो तोवर माणसाला आपल्या शरीराची वेगळी जाणीव होत नाही. स्टोमा एकाच दिवसात तिन्ही बाजू हलवतो : पोटावर आधी नसलेला अवयव दिसू लागतो, धडधाकट शरीराचा आदर्श दूर जातो, आणि नेसण्यापासून बसमधल्या जागेपर्यंत वावरण्याची प्रत्येक सवय नव्याने घडवावी लागते. मोजायचे असते ते या तीन बाजूंमध्ये पडलेले अंतर.

ते अंतर पट्टीने मोजता येत नाही, म्हणून प्रश्न विचारले जातात. एकच प्रश्न पुरत नाही, कारण कोणाचे दुःख आरशासमोर असते, कोणाचे शेजघरात आणि कोणाचे लग्नाच्या पंगतीत. म्हणून वेगवेगळ्या बाजूंनी तीच गोष्ट चाचपणारे अनेक प्रश्न एकत्र गुंफतात, प्रत्येक उत्तराला अंक देतात आणि त्यांची बेरीज किंवा सरासरी काढतात.

या कामासाठी जगभर सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या प्रश्नावल्यांपैकी एक म्हणजे पेनेलोपी हॉपवूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेली बॉडी इमेज स्केल. तिच्यात दहा प्रश्न आहेत. आपल्या दिसण्याविषयी अवघडल्यासारखे वाटते का, कपडे घातल्यावर कसे दिसतो याबद्दल नाराजी आहे का, उघड्या अंगाने स्वतःकडे बघणे कठीण जाते का, दिसण्यामुळे लोकांना टाळले जाते का, बाईपण किंवा पुरुषपण उणावले असे वाटते का, उपचारांनी शरीर अपुरे करून ठेवले असे वाटते का, व्रणाबद्दल नाखुशी आहे का, अशा स्वरूपाचे ते आहेत. गेल्या आठवड्याचा विचार करून ‘मुळीच नाही’ पासून ‘खूप’ पर्यंत चार पर्यायांतून एक निवडायचा असतो आणि त्याला ० ते ३ अंक मिळतात. बेरीज ० ते ३० यांच्या दरम्यान येते आणि ती जितकी मोठी तितका त्रास अधिक.

ही प्रश्नावली कर्करोगाच्या रुग्णांसाठी बांधली गेली आणि तिची मुख्य पारख स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांवर झाली. स्टोमाच्या रुग्णांसमोर ती ठेवताना हे विसरून चालत नाही. व्रणाविषयीचा प्रश्न वाचताना एक जण पोटावरच्या उभ्या टाक्यांची रेघ मनात आणतो आणि दुसरा स्टोमालाच व्रण समजतो. दोघांनीही २ हा अंक दिला तरी ते दोन निरनिराळ्या गोष्टींबद्दल बोललेले असतात. शिवाय गळती, वास आणि पिशवीतून येणारा आवाज यांचा त्या दहा प्रश्नांत कोठेच उल्लेख नाही, आणि माझ्या रुग्णांची निम्मी धास्ती त्या तीन गोष्टींची असते.

ही उणीव भरून काढणाऱ्या प्रश्नावल्या नंतरच्या काळात आल्या. युरोपातील कर्करोग संशोधन संघटनेच्या मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कर्करोगासाठीच्या २९ प्रश्नांच्या संचात देहप्रतिमेचे तीन प्रश्न आहेत आणि स्टोमा असलेल्यांसाठी ओशाळलेपण, गळती, पिशवीतून सरणारा वारा, सभोवारच्या त्वचेची जळजळ यांविषयी वेगळे प्रश्न आहेत. २००५ मध्ये आलेली स्टोमा-क्यूओएल ही २० प्रश्नांची यादी झोप, जवळिकीचे संबंध, घरची माणसे आणि बाहेरची माणसे यांभोवती फिरते. स्टोमाशी जुळवून घेणे किती झाले हे पाहणारी २३ प्रश्नांची आणखी एक प्रश्नावली २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. या शेवटच्या दोन्ही प्रश्नावल्या देहप्रतिमेला स्पर्श करतात, पण त्या मोजतात ते जगण्याची गुणवत्ता किंवा समायोजन. ही शेजारशेजारची घरे आहेत, एकच घर नव्हे. पिशवी सफाईने बदलणारा, कामावर रुजू झालेला माणूस आपल्या पोटाकडे बघणे मात्र टाळत असू शकतो.

आता आकड्यांकडे येते, कारण चुका येथेच होतात. पहिली चूक दिशेची. बॉडी इमेज स्केलमध्ये मोठा आकडा वाईट असतो, तर युरोपीय संचातल्या देहप्रतिमेच्या तीन प्रश्नांचा आकडा ० ते १०० मध्ये बदलून उलटवतात, त्यामुळे तेथे मोठा आकडा चांगला असतो. दोन तक्ते शेजारी ठेवून घाईत वाचणाऱ्याला यातून नेमका उलटा अर्थ लागू शकतो.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे आणि ती उदाहरणानेच कळेल. त्या तीन प्रश्नांत आकर्षकपणा उणावल्याबद्दल, बाईपण किंवा पुरुषपण उणावल्याबद्दल आणि शरीराविषयीच्या नाराजीबद्दल विचारलेले असते, आणि उत्तरे १ ते ४ मध्ये द्यायची असतात. समजा, एका बाईने अनुक्रमे ३, २ आणि ४ असे अंक दिले. सरासरी ३ येते. ती १०० च्या मापात उलटवली की आकडा येतो ३३, म्हणजे स्थिती बरीच वाईट. आता तीच बाई तिसऱ्या प्रश्नाशी अडखळली आणि तिने तो कोरा सोडला. निम्मे किंवा अधिक प्रश्न सोडवलेले असतील तर उरलेल्यांच्या सरासरीवर काम भागवावे, असा नियम आहे. तेव्हा ३ आणि २ यांची सरासरी अडीच येते आणि आकडा होतो ५०. तिच्या मनात काहीही बदललेले नाही. सर्वांत दुखणाऱ्या प्रश्नावर ती गप्प राहिली, एवढेच घडले, आणि कागदावर ती सतरा अंकांनी बरी झाली. नियम चुकीचा आहे असे मी म्हणत नाही, मोठ्या अभ्यासात थोडी उत्तरे गहाळ होणारच आणि त्यांची सोय लावावी लागते. पण कोरी जागा कोठे पडली आहे हे बघितल्याशिवाय आकडा वाचू नये, असे माझे ठाम मत आहे. जवळिकीच्या संबंधांविषयीचे प्रश्न कोरे राहण्याचे प्रमाण अधिक असते, हे या क्षेत्रात काम करणाऱ्या सर्वांना माहीत आहे.

बेरजेतही असेच लपलेले असते. दोन रुग्णांची बॉडी इमेज स्केलवरची बेरीज १२ आली. एकाने आठ प्रश्नांना १ आणि दोन प्रश्नांना २ दिले आहेत. त्याला सर्वत्र थोडे थोडे खुपते आहे. दुसऱ्याने सहा प्रश्नांना शून्य देऊन उरलेल्या चार प्रश्नांना, म्हणजे उघड्या अंगाकडे बघणे, लोकांना टाळणे, जवळिकीतला आकर्षकपणा आणि शरीराचे अपुरेपण यांना, प्रत्येकी ३ दिले आहेत. काही संशोधक १० किंवा त्याहून अधिक बेरीज आली की लक्ष देण्याजोगा त्रास मानतात. त्या मोजपट्टीवर दोघेही सारखेच ठरतात, पण दुसऱ्यासाठी मी त्याच दिवशी खुर्ची ओढून बसेन.

प्रश्नावली भरवशाची आहे की नाही, हे ठरवण्याच्या कसोट्या मोजक्या शब्दांत सांगता येतील. प्रकृतीत फरक पडला नसेल तर दोन आठवड्यांनी पुन्हा विचारल्यावर जवळपास तोच आकडा यायला हवा. एकाच गोष्टीविषयीचे प्रश्न एकमेकांशी सुसंगत उत्तरे देणारे हवेत. त्याचे गणित ली क्रॉनबाख यांनी १९५१ मध्ये दिलेल्या अल्फा या गुणांकाने करतात आणि तो साधारण ०.७ च्या वर असावा असा संकेत आहे. या दोन्हींना मिळून विश्वसनीयता म्हणतात. यथार्थता म्हणजे जे मोजायचे म्हटले तेच मोजले जाते का, आणि ती तपासायला अधिक कष्ट पडतात. ज्यांची पिशवी वरचेवर गळते आणि ज्यांची कधी गळत नाही, अशा दोन गटांत जर प्रश्नावलीला फरकच दिसत नसेल, तर तिला स्टोमाच्या रुग्णांचे मन कळत नाही असे समजावे. विश्वसनीय असूनही अयथार्थ असणारी प्रश्नावली धोक्याची असते, कारण ती दर वेळी तीच चूक आत्मविश्वासाने करते.

यथार्थतेचा खरा कस लागतो तो भाषेत. परकीय भाषेतली प्रश्नावली आपल्याकडे आणताना दोन व्यक्तींनी स्वतंत्रपणे भाषांतर करायचे, दोन्ही ताडून एक मसुदा करायचा, मूळ प्रश्न न पाहिलेल्या तिसऱ्या व्यक्तीकडून तो पुन्हा मूळ भाषेत फिरवून घ्यायचा, आणि मग थोड्या रुग्णांसमोर ठेवून ‘हा प्रश्न तुम्हाला काय विचारतो आहे, तुमच्या शब्दांत सांगा’ असे विचारायचे, अशी रीत आहे. त्याच युरोपीय संघटनेची कर्करोगाच्या रुग्णांसाठीची सर्वसाधारण प्रश्नावली अशा वाटेने मराठीत आलेली आहे. घाईच्या ठिकाणी शेवटची पायरी गाळली जाते, आणि माझ्या मते तीच सर्वांत मोलाची आहे. ‘सेल्फ कॉन्शस’ या शब्दासाठी कोशात बघून आत्मजाणीव किंवा आत्मभान लिहिले, तर आपल्या वाचकाला कीर्तन आठवेल आणि तो अभिमानाने ‘खूप’ या पर्यायावर खूण करील. तेथे ‘लोक आपल्याकडे बघताहेत असे वाटून कानकोंडे होते का’ असे विचारावे लागते. शरीर अपुरे झाल्याच्या प्रश्नात तर आणखी एक पेच आहे. अव्यंग या शब्दाला आपल्याकडे धार्मिक वजन आहे. भाषांतरात नकळत व्यंग हा शब्द आला की प्रश्न शरीराचा न राहता पात्रतेचा होतो.

गोव्यात याहून बारीक गाठ आहे. येथील असंख्य घरांत सकाळी मराठी वर्तमानपत्र वाचले जाते, देवाची आरती मराठीत होते आणि बोलणे मात्र कोकणीत चालते. छापील प्रश्न मराठीत असतो, तो मनात कोकणीत उतरतो आणि उत्तर परत मराठीच्या चौकटीत बसवावे लागते. मराठीत दिसणे म्हणजे डोळ्यांना दिसणे, रूप. कोकणीत ‘म्हाका दिसता’ म्हणजे मला वाटते. ‘तुमच्या दिसण्याबद्दल तुम्हाला कसे वाटते’ हे वाक्य मी एका पेडण्याच्या आजींना वाचून दाखवले, तेव्हा त्यांनी पोटाबद्दल काही न सांगता त्या दिवशी त्यांना एकंदर कसे वाटत होते ते सांगितले : झोप झाली, शित (भात) गेले, बरे दिसते. त्यांचे काही चुकले नव्हते. शब्द एकच होता आणि आम्ही दोघी त्याची दोन टोके धरून बसलो होतो. तेव्हापासून मी तेथे ‘रूप’ आणि ‘पोटाकडे बघितल्यावर’ असे शब्द वापरते, आणि प्रमाणित प्रश्नावलीत असे बदल परस्पर करायचे नसतात हे ठाऊक असल्याने ते वेगळे टिपून ठेवते.

प्रश्न कोणाच्या देखत विचारला जातो, यानेही आकडा बदलतो. ही गोष्ट मी स्वतः केलेल्या चुकीतून शिकले. एका रुग्णालयात असताना गुदाशयाच्या कर्करोगासाठी कायमची कोलोस्टोमी झालेल्या एका मावशींना मी खाटेशेजारी उभी राहून बॉडी इमेज स्केलचे दहाही प्रश्न वाचून दाखवले. सून उशाशी होती, पलीकडच्या खाटेवरच्या बाईचे नातेवाईक होते, दुपारची चहाची गाडी फिरत होती. मावशींनी प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर दिले : “म्हाका कांय ना, बाय.” मी दहा शून्ये लिहिली, बेरीज शून्य लिहिली आणि पुढच्या खाटेकडे गेले. मावशींना शस्त्रक्रिया होऊन अकरा दिवस झाले होते. या अकरा दिवसांत पिशवी बदलताना त्यांनी एकदाही खाली बघितले नव्हते. त्या छताच्या पंख्याकडे बघत असत आणि पिशवी लागली की पदर पोटावर ओढून घेत. हे मी रोज डोळ्यांनी पाहत होते आणि तरीही शून्य लिहिले, कारण कागदावर तेच उत्तर होते.

त्यामुळे आता मी अंकांच्या शेजारी काही साध्या नोंदी ठेवते. स्टोमाकडे पहिल्यांदा केव्हा बघितले, हात केव्हा लावला, पिशवी स्वतः पहिल्यांदा केव्हा रिकामी केली, ती बदलताना घरचे कोण जवळ लागते आणि कोण नको असते. या नोंदींना प्रमाणित मापनश्रेणीची प्रतिष्ठा नाही, पण बेरीज आणि नोंदी यांचा मेळ बसत नसेल तर मी नोंदींवर विश्वास ठेवते.

प्रश्नांचा संदर्भही आपल्या जगण्यात तपासून बघावा लागतो. ‘कपडे घातल्यावर कसे दिसता’ हा प्रश्न शर्ट-पँटमध्ये वावरणाऱ्यासाठी बांधलेला आहे. दिवसभर उघड्या अंगाने, काष्टीवर किंवा लुंगीवर शेतात राबणाऱ्या म्हाताऱ्याला तो लागूच होत नाही. त्याची पिशवी कपड्यांच्या आड कधी जातच नाही. सोवळे नेसून उघड्या अंगाने देवघरात बसणाऱ्या गृहस्थाला, मळ अंगाशी बाळगून देवाला शिवावे कसे, हा प्रश्न दिसण्याहून मोठा वाटतो, आणि मी पाहिलेल्या एकाही प्रश्नावलीत तो विचारलेला नाही. चवथीला घर पाहुण्यांनी भरते, तेव्हा वर्षानुवर्षे नैवेद्याचा स्वयंपाक करणारी बाई आपण होऊन चुलीपासून दूर बसते. विचारले तर म्हणते, हल्ली दमायला होते. तपासणीसाठी कदंब महामंडळाच्या बसने बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात यायचे म्हणून आदल्या रात्रीपासून काही न खाणारे रुग्ण मी पाहिले आहेत, वाटेत पिशवी भरू नये एवढ्यासाठी. दहा प्रश्नांनंतर मी म्हणूनच एक मोकळा प्रश्न जोडते : पिशवी लागल्यापासून तुम्ही कोणती गोष्ट करायची सोडली? याच्या उत्तराला अंक देता येत नाही, पण उत्तर बहुधा लगेच मिळते.

केव्हा मोजावे, हेही ठरवून घ्यायला हवे. पहिले मोजमाप शस्त्रक्रियेआधीचे असावे, कारण कर्करोगाने किंवा दीर्घ आजाराने खंगलेल्या माणसाची देहप्रतिमा स्टोमाच्या आधीच डळमळलेली असू शकते आणि ते न मोजता सारा दोष स्टोमाला दिला जातो. सुरुवातीला सुजलेला स्टोमा सहा ते आठ आठवड्यांत आक्रसून आपल्या आकाराला येतो, तेव्हा त्याआधीचे आणि नंतरचे उत्तर निराळे येणे स्वाभाविक आहे. तात्पुरत्या स्टोमाचे रुग्ण पुष्कळदा ‘काढणारच आहेत’ या आधारावर त्याच्याकडे बघतच नाहीत. त्यांचा आकडा कायमच्या स्टोमाच्या रुग्णांशेजारी ठेवताना हे लक्षात असू द्यावे. येथील हवामानाचाही विचार करावा. मे महिन्याच्या घामात पिशवी त्वचेला चिकटवणाऱ्या चकतीच्या कडा सुटतात, गळती वाढते आणि त्याबरोबर धास्तीही; अशा वेळी बिघडलेल्या आकड्यावर पहिला उपाय समुपदेशनाचा नसून चांगल्या बसणाऱ्या चकतीचा असू शकतो. गळतीचा प्रश्न शेजारी विचारलेला असेल तरच हे उमगते.

काळाबरोबर आणखी एक गोष्ट घडते. माणूस तोच राहतो, पण त्याची आतली मोजपट्टी बदलते. पहिल्या महिन्यात ज्याला तो ‘खूप’ म्हणत असे, त्यालाच वर्षानंतर ‘थोडेसे’ म्हणतो, कारण मधल्या काळात त्याने केमोथेरपी सोसलेली असते, वॉर्डातली ओळखीची माणसे गेलेली पाहिलेली असतात आणि पोटावरची पिशवी ही त्याला जिवंत असण्याची किंमत वाटू लागलेली असते. मिर्यम स्प्रांगर्स आणि कॅरोलिन श्वार्ट्झ यांनी १९९९ मध्ये या बदलाची पद्धतशीर मांडणी केली. आकडा सुधारला तो त्रास कमी झाल्याने की मोजपट्टी बदलल्याने, हे केवळ आकड्यावरून सांगता येत नाही. मला विचाराल तर रुग्णाच्या दृष्टीने दोन्ही खरे आहे. संशोधकाला मात्र भेद करावा लागतो, नाहीतर तो काळाने केलेल्या कामाचे श्रेय आपल्या उपचाराला देऊन बसेल.

त्या मावशी तीन महिन्यांनी पुन्हा तपासणीला आल्या. या वेळी मी सुनेला औषधांच्या चिठ्ठीसाठी खाली पाठवले, दार लावले आणि प्रश्न कोकणीत, सावकाश विचारले. जवळिकीच्या प्रश्नाला त्यांनी मान हलवून नकार दिला, तो मी कोरा ठेवला आणि कोरा ठेवल्याचे लिहिले. उरलेल्या नऊ प्रश्नांची बेरीज ९ आली. शून्यावरून नऊ, म्हणजे कागदाच्या हिशेबाने त्यांची स्थिती खालावली होती. प्रत्यक्षात या वेळी त्या आपल्या पोटाविषयी पहिल्यांदा बोलत होत्या. कपड्यांच्या प्रश्नाला त्यांनी ३ दिला होता, तेव्हा मी त्या एका ओळीवर थांबून विचारले. शस्त्रक्रियेआधी काढलेला ठिपका नाडीच्या खाली होता खरा, पण शस्त्रक्रियेनंतर त्या बारीक झाल्या होत्या, परकर खाली सरकत होता आणि गाठ पिशवीच्या वरच्या कडेवर घासत होती. म्हणून त्यांनी लुगडे सोडून दिले होते आणि घरात-दारात गाऊनवरच राहत होत्या, देवळाच्या जत्रेलाही गेल्या नव्हत्या. आम्ही दोघींनी मिळून नाडी चार बोटे वर बांधून पाहिली, गाठ उजवीकडे घेतली आणि निऱ्या स्टोमावर सैल सोडल्या. त्यांनी मग खोलीतल्या हात धुण्याच्या भांड्यावरच्या आरशात, आधी बाजूने आणि नंतर समोरून, स्वतःकडे बघितले.